खाडा कोणाच्या नावावर?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मागील वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘साथीच्या काळात आधी जीव की आधी जीविका?’ मी ‘आधी जीव’ या बाजूने बोलले. ‘सर सलामत तो पगडी पचास’ या म्हणीने सुरुवात केली, टाळ्या मिळाल्या, दुसरा क्रमांकही आला. घरी आल्यावर मोठ्या हौसेने तेच भाषण वडिलांना म्हणून दाखविले. माझे वडील भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. वडिलांचे शिक्षण आठवीपर्यंत झाले, आई शाळेत गेलीच नाही, आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. वडिलांनी सगळे भाषण मान डोलावत ऐकले आणि शेवटी एवढेच विचारले, “समदं बरोबर हाय गं. पण आजारी माणसानं घरी बसायचं म्हणतीस, तर त्याचा खाडा कुणी भरायचा?”

ज्यांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार येतो त्यांना ‘खाडा’ हा शब्द कदाचित नुसता ऐकून माहीत असेल. कामगाराच्या हजेरीत जो दिवस भरत नाही तो खाडा. रोजावर काम करणाऱ्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. वडिलांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या विरुद्ध बाजूने ‘आधी जीविका’ म्हणून जो विद्यार्थी बोलला होता त्याच्या भाषणातही ते नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

चिंचवडचा जुना अनुभव

साथ आणि सरकारी हुकूम यांचा अनुभव आपल्या परिसराला नवा नाही. चिंचवडगावातील चापेकर चौकातून आपल्यापैकी कित्येकजण रोज जातात. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. पुढे काही महिन्यांतच प्लेग पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून रँड यांची नेमणूक झाली आणि गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. सामान बाहेर फेकले जाई, देवघराचीही गय केली जात नसे. त्या संतापाचा स्फोट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाला. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १८९८ आणि १८९९ साली तिन्ही भाऊ फासावर गेले. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

चापेकरांची हकिगत आपण स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यातून साथीच्या कारभाराविषयीही काही शिकता येते. मूळ साथरोग कायद्यात अवघी चार कलमे होती. कायद्याचे नाव, सरकारला मिळणारे अधिकार, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, एवढाच त्याचा पसारा. ज्याला घरात थांबविले त्याने खायचे काय, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. आणि मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने हाच १८९७ चा कायदा लागू केला.

प्लेगच्या काळात मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. गिरण्यांची दारे उघडी होती, पण कामगार भीतीने गावाकडे निघून गेले. चक्रे चालविण्यास माणसे मिळेनात. तेव्हा महिन्याचा पगार हातात राखून ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून चढ्या दराने कामगार मिळविण्याची पाळी त्यांच्यावर आली. दार उघडे ठेवले म्हणजे कारखाना चालतो असे नाही, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

टाळे लागले तेव्हा

महाराष्ट्रातील करोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. दुबईहून परतलेल्या प्रवाशांपासून ही सुरुवात झाली. लागलीच पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. २० मार्चला राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील अत्यावश्यक नसलेली कामाची ठिकाणे बंद ठेवण्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. वृत्तपत्रे त्याला ‘टाळेबंदी’ म्हणू लागली. आमच्या वस्तीतल्या जुन्या कामगारांना त्या शब्दाचे नवल वाटले, कारण आपल्या औद्योगिक पट्ट्यात टाळेबंदी म्हणजे संपाला उत्तर म्हणून मालकाने कारखान्याला लावलेले कुलूप.

मी तेव्हा सातवीत होते. भोसरीच्या एमआयडीसीतून चोवीस तास ऐकू येणारा प्रेसचा ठोका थांबला, आणि त्या शांततेमुळे वडिलांना झोप लागेना हे मला अजून आठवते. आई निगडी प्राधिकरणात चार घरी धुणीभांडी करायची. सोसायट्यांनी फाटके बंद केली. चारपैकी एका घराने पूर्ण पैसे दिले, दोघांनी अर्धे दिले, एकाने फोन उचलला नाही. रेशनचे मोफत धान्य मिळाले, पाच रुपयांत शिवभोजन थाळी मिळत होती. त्यामुळे आम्ही उपाशी राहिलो असे म्हणणे खोटे ठरेल. पण खोलीभाडे, गॅस आणि गावाकडे आजीला पाठवायचे पैसे धान्यातून भागत नाहीत.

ज्यांच्यापाशी रेशनकार्डही नव्हते त्यांनी गावाची वाट धरली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेरुळावर झोपले असता मालगाडीखाली सापडले. ते जालन्यातील पोलाद कारखान्यात कामाला होते. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि त्यांतून देशभरात ६३ लाखांहून अधिक माणसे घरी परतली. उत्तर भारतीय कामगारांनी भरलेल्या चाकण-महाळुंगेच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

मग बंद ठेवण्याचा निर्णय चुकलाच होता काय? मला तसे वाटत नाही. मार्च २०२० मध्ये चाचण्या तुटपुंज्या होत्या, मुखपट्ट्या नव्हत्या, औषध ठाऊक नव्हते, लस तर दूरच. बंदमुळे रोग जात नाही, मात्र वेळ मिळतो. त्या वेळेत खाटा, चाचण्या आणि प्राणवायू यांची तयारी केली तर तो सार्थकी लागतो. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर त्याच वर्षी जम्बो रुग्णालय उभे राहिले, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्येही करोना रुग्णालय झाले, ते अशा वेळेचेच फळ. पण वेळ विकत घेतला म्हणजे त्याची किंमतही कोणीतरी मोजतो. ती किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

किल्ली फिरविली म्हणजे कारखाना सुरू होत नाही

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट समजून घेतले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये देशातील मोटार कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्यावर आली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या सरकारी अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. आकुर्डीत मुख्य कचेरी असलेल्या बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी ४ जून २०२० रोजी राहुल गांधी यांच्याशी झालेल्या जाहीर संवादात अशा अर्थाची टीका केली की, आपण रोगाचा आलेख सपाट करायला निघालो आणि सपाट झाला तो अर्थव्यवस्थेचा. ही टीका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मोठ्या कंपनीपाशी गंगाजळी असते. भोसरी, तळवडे आणि चिखलीच्या लहान शॉपवाल्यांपाशी ती नसते. शेडचे भाडे, यंत्रावरील कर्जाचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार हे काम बंद असले तरी थांबत नाहीत.

पण ‘उघडा’ म्हणणे जितके सोपे तितके उघडणे सोपे नव्हते. एका मोटारीला हजारो सुटे भाग लागतात. चाकणच्या कारखान्यात गाडी जोडली जाते, पण तिचा कंस भोसरीच्या प्रेसवर दाबला जातो, रबर दुसरीकडून येते, मुलामा तिसरीकडे दिला जातो. यांतला एक दुवा बंद राहिला तर सगळी साखळी थांबते. शिवाय माल गोदामात साठवून ठेवायचा नाही, लागेल तसा मागवायचा, ही आता सर्वत्र रूढ झालेली पद्धत. त्यामुळे ‘थोडे उघडू, थोडे बंद ठेवू’ हे कागदावर जमते, प्रत्यक्षात जमत नाही.

त्यात हद्दीचा प्रश्न. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. २० एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने पालिकांच्या हद्दीबाहेरील ग्रामीण भागातील उद्योगांना अटींवर मुभा दिली. चाकण पट्ट्यातील कितीतरी कारखाने गावांच्या हद्दीत आहेत. पण तिथे काम करणारी माणसे राहतात भोसरीत, मोशीत, चिखलीत, आणि शहर तर लाल क्षेत्रात. नदीच्या एका तीरावर कारखान्याला परवानगी, दुसऱ्या तीरावर कामगाराला घराबाहेर पडण्याची बंदी! रोगाला हद्द कळत नाही असे आपण म्हणतो. कामगारालाही ती परवडत नाही.

तापाची बंदूक काय पाहते?

जून २०२० पासून राज्यात ‘पुनश्च हरिओम’ म्हणत टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू झाले. मध्ये १४ ते २३ जुलै असे दहा दिवस पुणे आणि पिंपरी-चिंचवड पुन्हा बंद झाले, नंतर पुन्हा उघडले. कारखान्याच्या फाटकावर रखवालदार कपाळाला बंदुकीसारखे यंत्र लावून ताप मोजू लागले. सॅनिटायझर, मुखपट्टी, सहा फुटांचे अंतर, सर्व नियम भिंतीवर लागले.

या रोगाची चाल मात्र फाटकावरच्या पहाऱ्याला चकविणारी होती. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच दिवस लागत, कधी चौदा दिवसांपर्यंत. आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत असे. कित्येकांना तर लक्षणेच नसत. म्हणजे आज जे आकडे वर्तमानपत्रात दिसत ते आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वीच्या संसर्गाचे. उघडण्याचा परिणाम उशिरा दिसे, बंद करण्याचाही उशिरा. पुढच्या काचेवर धुके आणि फक्त मागचे दाखविणारा आरसा स्वच्छ, अशा स्थितीत गाडी हाकण्यासारखे ते होते. समजा एखाद्या वस्तीतील रुग्ण पाच दिवसांत दुप्पट होत असतील, तर दहा रुग्णांचे पंधरा दिवसांत ऐंशी होतात. आपण ऐंशीचा आकडा पाहून जागे होतो, तोवर पुढचे एकशे साठ रांगेत उभे असतात.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये एके दिवशी सकाळी वडिलांच्या अंगात कणकण होती. आई म्हणाली, “आजचा दिस राहू द्या.” वडिलांनी तापाची गोळी घेतली, चहा प्यायले आणि गेले. फाटकावरच्या यंत्राने त्यांना निरोगी ठरविले. दुसऱ्या दिवशीही तेच. चार महिन्यांनी काम मिळाले होते, आणि जो खाडा करील त्याच्या जागी दुसरा उभा राहील हे सर्वांना माहीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. आठवडाभरात आमच्या खोलीतले आम्ही तिघे, शेजारचे टेम्पोवाले काका आणि खाली राहणाऱ्या घरमालकीण आजी, सगळे आजारी पडलो. आम्ही बरे झालो. आजी गेल्या.

कोणापासून कोणाला लागण झाली हे कोणीही सांगू शकणार नाही. आजींकडे दिवसभर माणसे येत-जात असत. काकाही सगळीकडे फिरत. पण वडील आजही आजींच्या दारावरून जाताना आत पाहत नाहीत. स्पर्धेत मी ‘काही बेजबाबदार लोक आजार लपवून कामावर गेले’ असे तावातावाने म्हटले होते. ते वाक्य वडिलांसमोर म्हणताना मला काही वाटले नाही, याची आता लाज वाटते.

भीतीचे अर्थशास्त्र

साथीत अर्थव्यवस्था सरकारी हुकुमाने बंद पडते की भीतीने? अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मोबाइल फोनच्या नोंदींवरून याचा अभ्यास केला. दुकानांतील वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती. त्यापैकी सरकारी बंदीमुळे झालेली घट केवळ ७ टक्क्यांच्या मोजमापाची निघाली. उरलेले लोक आपण होऊनच घरी राहिले होते. याचा अर्थ, साथ आटोक्यात नसताना नुसती दारे उघडून व्यापार परतत नाही.

आपल्याकडे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण घरी राहण्याची चैन सर्वांना परवडत नाही. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो भीतीने घरी बसतो. ज्याच्या गाठीला नाही तो भीती खिशात घालून कामावर जातो. वाळूजचे उदाहरण पाहा. तेथील बजाज ऑटोच्या कारखान्यात जून-जुलै २०२० मध्ये अडीचशेच्या आसपास कामगारांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या. कामगार संघटनेने काही दिवस कारखाना बंद ठेवण्याची मागणी केली. विषाणूसह जगायला शिकले पाहिजे, अशी कंपनीची भूमिका होती, आणि जे कामावर येणार नाहीत त्यांना वेतन मिळणार नाही असे तिने कळविल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. खबरदारीचे नियम पाळले जात आहेत असे कंपनी म्हणत होती, आणि ते खरे असेलही. पण ‘न आल्यास वेतन नाही’ हा एक नियम बाकीच्या दहा नियमांवर भारी पडतो, हे कोणताही कामगार सांगेल.

एकच सिलिंडर

आरोग्य आणि उद्योग ही दोन वेगळी पारडी आहेत असे आपण समजतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती दोन्ही एकाच सिलिंडरात येऊन बसली. लोखंड कापायला जो प्राणवायू लागतो तोच रुग्णाला लागतो. दुसऱ्या लाटेत रुग्णालये भरली, प्राणवायूसाठी नातेवाईक वणवण फिरू लागले. राज्याने आधी ८० टक्के प्राणवायू रुग्णालयांसाठी आणि २० टक्के उद्योगांसाठी असे प्रमाण ठरविले. नंतर २२ एप्रिलपासून केंद्राने नऊ उद्योग वगळता औद्योगिक वापर थांबविला. चाकणच्या प्रकल्पांतून भरलेले टँकर रुग्णालयांकडे धावू लागले आणि परवानगी असलेली कित्येक फॅब्रिकेशन शॉप गॅस नसल्यामुळे ओस पडली. ज्यांना वाटत होते की साथ वाढली तरी कारखाना चालू राहील, त्यांचा हिशेब असा चुकला. साथ हाताबाहेर गेली की कारखाना उघडा ठेवण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. करोनाने महाराष्ट्रात सरकारी नोंदींनुसार सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली.

पिंपरीच्या औद्योगिकीकरणाची सुरुवातच मुळी १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, म्हणजे पेनिसिलीन तयार करणाऱ्या कारखान्यापासून झाली. आरोग्य आणि उद्योग एकमेकांचे वैरी आहेत हे निदान आपल्या गावाने तरी म्हणू नये.

खाड्याचा हिशेब

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. साधे गणित करू. समजा एका शॉपमध्ये ४० कामगार आहेत आणि रोज ५०० रुपये मजुरी आहे. आजारी पडलेल्या एकाला दहा दिवस पगारी घरी बसविले तर खर्च ५ हजार रुपये. त्याच्या जवळ काम करणाऱ्या आणखी नऊ जणांनाही संशयावरून घरी ठेवले, तरी सगळे मिळून ५० हजार. हे केले नाही, रोग पसरला आणि शॉप दहा दिवस बंद पडले, तर नुसती मजुरीच २ लाखांची बुडते. मालाचे आणि माणसांचे नुकसान वेगळेच. तेव्हा खाडा भरून देणे हे दान नाही, तो स्वस्तातला विमा आहे.

असा विमा आपल्याकडे अजिबात नव्हता असेही नाही. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली, चिंचवडला मोहननगरमध्ये तिचे रुग्णालयही आहे. साथीच्या वेळी महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार तिच्यात येत. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळे. कागदावर हे चांगलेच होते. परंतु त्यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, सहा महिन्यांच्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ठेकेदार बदलत राहणाऱ्या कामगाराचे दिवस नेहमी भरतातच असे नाही, आणि टाळेबंदीनंतर तर कित्येकांचे दिवस भरणे शक्यच नव्हते. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. आजारपणाचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे या भत्त्यात धरले जात नसत. साध्या आजारात दोन दिवसांनी बिघडत नाही. पण करोनात माणूस सर्वाधिक घातक असतो तो याच सुरुवातीच्या दिवसांत! माझे वडील कणकण अंगात घेऊन कामावर गेले ते नेमके दोन दिवस. ज्या दोन दिवसांचा खाडा भरून मिळायला हवा होता, तेच दोन दिवस कामगाराच्या नावावर राहिले.

सरकारने प्रयत्न केला नाही असे नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्राने बंदच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचा आदेश मालकांना दिला. लहान मालकांनी विचारले, आमचीच मिळकत बंद आहे, आम्ही कोठून द्यावे? मे महिन्यात आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. ठेकेदारी कामगाराने कोणाशी वाटाघाट करायची? शॉपचा मालक म्हणतो, तू ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मला वरूनच पैसे आले नाहीत. या ठिकाणी चूक एकट्या मालकाची म्हणता येत नाही. पाच-दहा माणसांचे शॉप चालविणाऱ्याला दोन महिन्यांचा खाडा झेपणार नाही. म्हणूनच तो भार विम्याच्या रूपाने सर्वांमध्ये वाटला गेला पाहिजे.

हे नुसते स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये कायदा करून अनेक नोकरदारांना करोनाकाळापुरती दोन आठवड्यांची पगारी आजारी रजा देण्यात आली. त्यावरील एका अभ्यासात असे आढळले की, ज्या राज्यांत पूर्वी अशी रजा नव्हती तेथे या कायद्यामुळे दर राज्यामागे दररोज सुमारे ४०० रुग्ण कमी झाले. कारखान्याला कुलूप न लावता रोग अडविण्याचा हा मार्ग होता. आपल्याकडे जून २०२१ मध्ये कामगार विमा महामंडळाने करोनाने मृत्यू पावलेल्या विमाधारकांच्या वारसांना अटींवर सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत देण्याची योजना आणली. ती स्वागतार्हच होती. पण माणूस गेल्यावर मिळणाऱ्या नव्वद टक्क्यांपेक्षा, ताप आलेल्या दिवशी मिळणारे शंभर टक्के अधिक माणसे वाचवतील असे मला वाटते.

पगारी रजा हा सर्व रोगांवरचा एकच उतारा आहे असा माझा दावा नाही. लक्षणे नसलेला माणूस रजा घेणार नाही, त्यासाठी चाचण्या आणि हवेशीर शेड लागतीलच. एप्रिल २०२१ सारखी वेळ आली, खाटा संपल्या, तर काही काळ बंद ठेवावेच लागेल. पण उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या प्रत्येक हुकुमाखाली एक ओळ असली पाहिजे, की या हुकुमामुळे ज्याचा दिवस बुडेल त्याचा खाडा कोण भरणार. ती ओळ नसेल, तर बंदचा हुकूम मजुराला पायी गावी पाठवतो आणि उघडण्याचा हुकूम त्यालाच तापात कामावर पाठवतो. तराजू कोणत्याही बाजूला झुकला तरी वजन त्याच्याच डोक्यावर.

‘आधी जीव की आधी जीविका’ हा विषय स्पर्धेला ठीक होता. पुढच्या वर्षी विषय ठरविताना आमच्या प्राध्यापकांनी वडिलांचा प्रश्न विचारात घ्यावा अशी माझी विनंती आहे. पुढची साथ केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नाही. आपल्यापैकी काहीजण तोवर मालक झालेले असतील, काही अधिकारी, काही ठेकेदारही. त्या वेळी फाटकावर ताप लपवून उभ्या असलेल्या माणसाला बेजबाबदार म्हणण्यापूर्वी हजेरीचा कागद एकदा हातात घ्यावा आणि खाडा कोणाच्या नावावर पडला आहे ते पाहावे.

हा लेख लिहून झाल्यावर वडिलांना वाचून दाखविला. आजींची गोष्ट आली तेव्हा ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाले, “राहू दे ते. खोडू नकोस.”